मिलानचा राझिनी मनोरा



मिलान म्हटले की तिथले संगमरवरी कॅथेड्रल आठवते. त्याच शहरात, पोर्ता व्हेनेत्सिया या जुन्या वेशीपाशी, १९३०च्या दशकातली एक देखणी निवासी इमारत उभी आहे. तिचे नाव तोर्रे राझिनी, म्हणजे राझिनी मनोरा. मजले बारा.

जागा मोक्याची, तितकीच अवघड. एका बाजूला कोर्सो व्हेनेत्सिया, म्हणजे जुन्या सरदारवाड्यांचा भारदस्त रस्ता. दुसऱ्या बाजूला अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्युसेप्पे पिएरमारिनी यांनी आखलेली सार्वजनिक बाग. रस्त्याची शिस्त पाळायची की बागेकडे मोकळे व्हायचे?

जिओ पोंती आणि एमिलिओ लान्चा या वास्तुरचनाकारांनी दोन्ही साधले. त्यांनी इमारतीचे दोन भाग केले. रस्त्यालगतचा भाग ठेंगणा, चौकोनी, पांढऱ्या संगमरवराने मढवलेला. शेजारच्या वाड्यांच्या रांगेत तो शोभून दिसतो. त्याला खेटूनच तांबूस विटांचा मनोरा वर चढतो. एक शांत, सपाट. दुसरा उंच, वळणावळणांचा. दोघांचा रंगही वेगळा, तरी घर एकच.

मनोऱ्याचा माथा मात्र सावकाश पाहावा. वरचे मजले सरळ न चढता थोडे थोडे मागे सरतात आणि प्रत्येक ठिकाणी गच्ची मोकळी होते. खाली बागेतली झाडे, वर आकाश आणि मधे माणसाचे घर.

यामागे पोंतींचा पक्का विचार होता. १९२८च्या जानेवारीत त्यांनी ‘दोमुस’ हे मासिक सुरू केले. इटालियन घर म्हणजे थंडीवाऱ्यापासून बचावाचा नुसता आडोसा नव्हे. ओसरी, गच्ची, वेलींचा मांडव यांतून ते बाहेरच्या निसर्गाशी जोडलेले असावे, असे त्यांनी पहिल्याच अंकात मांडले. सहा वर्षांत तो विचार इथे विटांत उतरला.

पोंती आणि लान्चा यांची भागीदारी १९३३मध्ये संपली. राझिनी मनोरा ही त्यांच्या जोडीची अखेरची महत्त्वाची कामगिरी. पुढे पोंतींनी याच शहरात १२७ मीटर उंचीची पिरेल्ली इमारत उभारली. ती १९६०मध्ये पूर्ण झाली आणि जगभर गाजली. पण उंच इमारतीने शेजाऱ्यांशी कसे वागावे, हे राझिनी मनोरा अधिक चांगले शिकवतो.

मिलानला जाणाऱ्यांनी मेट्रोच्या पोर्ता व्हेनेत्सिया स्थानकावर अवश्य उतरावे. इमारतीत आजही घरे आहेत, त्यामुळे ती बाहेरूनच पाहावी. आणि रस्ता व बाग, दोन्हीकडून पाहावी.