विस्मृतीचा रोग व घरचा हिशेब



महोत्सवाच्या व्यासपीठावरून रोगाचा विषय कशास, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या वडील मंडळींचा आपण या दिवसांत सत्कार करीत आहों, त्यांच्यांतील कोणाकोणाच्या घरीं हा रोग उंबरठ्याच्या आंत आलेला आहे, आणि त्याचा भार निमूटपणें वाहिला जात आहे. म्हणून आज आम्ही औषधाविषयीं थोडें व पैशाविषयीं अधिक बोलणार आहों.

आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें सन १९०६ मध्यें वर्णिलेला हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्यापि नाहीं. मग तो लवकर ओळखून लाभ कोणता? प्रश्न रास्त आहे; त्याचें उत्तर घरच्या हिशेबाच्या वहींत सांपडतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें सन २०१९ मध्यें स्मृतिभ्रंशापायीं जगास सुमारें १.३ लाख कोटि डॉलर खर्च आला. अल्झायमर हें त्या भ्रंशाचें प्रमुख कारण होय. त्यांतील जवळ जवळ निम्मा भाग इस्पितळांचा नव्हे, तर घरच्या माणसांनीं विनावेतन केलेल्या शुश्रूषेचा आहे. आणि त्या तासांपैकीं ७० टक्के स्त्रियांचे आहेत. शाळेंतील नोकरी सोडून सासऱ्यांजवळ बसणाऱ्या सुनेचा बुडालेला पगार कोणत्याही बिलांत दिसत नाहीं. पुरुषमंडळींनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

आतां मिळकतीची गोष्ट. आमच्या पाहण्यांतील एका घरीं आजोबांनीं गवताचे पैसे एकाच आठवड्यांत दोन वेळां दिले. मर्यादेपोटीं कोणी बोललें नाहीं. वय झालें, म्हणून विषय मिटला. दोन वर्षांनीं मुलगे जागे झाले तेव्हां सातबारावर नांव आजोबांचें, बँकेंत सही आजोबांची, आणि सही कशावर करीत आहों हें आजोबांस उमजेना. मृत्युपत्राची वेळ टळली होती. कारण आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या सन १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें मृत्युपत्र करणाराचें चित्त स्थिर असावें लागतें. मुखत्यारपत्र करून ठेवलें म्हणजे भागलें, अशीही अनेकांची समजूत आहे. परंतु सन १८७२ च्या करार कायद्यान्वयें, देणाराची बुद्धि भ्रष्ट झाली कीं मुखत्यारी संपते. मग कोर्टाची पायरी, वकिलाची फी आणि भावाभावांत वैर. हेंच दोन वर्षें आधीं उमगतें, तर कोणास काय द्यावयाचें तें आजोबांनीं स्वतः, पूर्ण शुद्धींत, लिहून ठेविलें असतें.

शिवाय विसरणारा प्रत्येक मनुष्य अल्झायमरचाच रोगी असतो असें नाहीं. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा मंदपणा, मनाचें औदासीन्य यांनींही स्मृति मंदावते. पहिलीं दोन साध्या रक्ततपासणीनें कळतात, व त्यांवरील उपचार महाग नाहींत.

न्यूयॉर्क येथें आपल्या रोगी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या पतींस व पत्नींस सल्ला व आधार दिल्यावर रोग्यास शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ सुमारें ५५७ दिवस लांबली, असें सन २००६ मध्यें प्रसिद्ध झालें. दीड वर्षाचा तो खर्च लहान नव्हे. आपल्या शेजारीं गोव्यांतही ८१ कुटुंबांचा असा प्रयोग सन २००८ मध्यें प्रसिद्ध झाला; घरीं येणाऱ्या शिकविलेल्या कार्यकर्त्यांमुळें शुश्रूषा करणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य सुधारलें.

लवकर तपासण्यासही पैसा पडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. सन २०२३ मध्यें अमेरिकेंत संमत झालेलें लेकॅनेमॅब हें औषध आरंभींच्या अवस्थेंतच देतात; तें रोगाची गति थोडी मंद करतें, आणि फार महाग आहे. त्याच्या आशेवर कोणी वाडी विकूं नये.

तक्रार नसतांना सर्वांनीं तपासून घ्यावें असेंही आमचें म्हणणें नाहीं. पण तोच प्रश्न पुनःपुन्हां विचारणें, व्यवहारांत घोटाळे होणें, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणें, हीं चिन्हें दिसतांच डॉक्टरांकडे जावें. जातांना काय व कधींपासून बदललें तें तारखांसह कागदावर लिहून न्यावें, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवींत घालून बरोबर घ्याव्या.