दहा सेकंदांत हाताची परीक्षा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण सारे आता साठीला आलो. शर्टाचं बटण पटकन लागत नाही, सही बिघडते, आणि आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. पण मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला, तरी हात असेच मंदावतात. मान दुखतेच असं नाही.

हे तपासायला यंत्र नको, सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. तळवा जमिनीकडे ठेवून मूठ पूर्ण आवळायची, बोटं पूर्ण उघडायची. जमेल तितक्या वेगानं, १० सेकंद. जपानी डॉक्टर ओनो आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ही चाचणी मांडली. निरोगी माणूस साधारण २० वेळा तरी करतो. दोन्ही हात वेगवेगळे मोजा, आकडा तारखेसह लिहून ठेवा.

आकडा कमी आला तर घाबरू नका. सांधे दुखत असले तरी तो घटतो. मात्र डॉक्टरांना दाखवा. दाब फार काळ राहिला, तर गेलेली हालचाल पूर्ण परत येईलच असं नाही.

चला, आत्ताच करून पाहू. सर, आपण 'सुरू' म्हणा!