हौशी छायाचित्रकार आणि माणसाचा चेहरा



हौशी छायाचित्रकारांपुढे बोलताना कॅमेऱ्यापासून प्रारंभ करण्याची रीत आहे. मी मात्र एका स्त्रीपासून प्रारंभ करणार आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. १८४८ साली त्या इंग्लंडला गेल्या व पुढे वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी राहू लागल्या. १८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. एकान्तात मन रमावे, एवढाच त्यामागील हेतू होता. त्या वेळी त्यांचे वय ४८ होते आणि, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, या विद्येचा त्यांना श्रीगणेशाही ठाऊक नव्हता.

त्या काळी ही हौस सोपी नव्हती. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, लेप ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारखोलीत जाऊन ते प्रकट करायचे. लेप वाळला की श्रम वाया जात. समोर बसलेल्या माणसाला काही मिनिटे निश्चल राहावे लागे. बाईंनी कोळशाच्या कोठाराची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. आपले पहिलेच चित्र त्यांनी ओल्या काचेवरून हात फिरवून पुसून टाकले. तरीही १८६४ च्या जानेवारीत ॲनी नावाच्या मुलीचे चित्र त्यांना साधले, आणि त्यालाच त्यांनी आपले पहिले यश म्हटले.

जाणकारांनी मात्र त्यांना बोल लावले. चित्रे धूसर आहेत, काचांवर ओरखडे आणि डाग आहेत, असे आक्षेप आले. त्यांतील काही खरेही होते. परंतु धूसरतेविषयी बाईंचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. भिंग फिरवीत असताना जे रूप डोळ्यांना सुंदर वाटे, तेथेच त्या थांबत. आणखी रेखीवपणासाठी पुढे जात नसत.

१८६७ साली त्यांनी खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे व्यक्तिचित्र घेतले. ज्या हायपोमुळे छायाचित्र टिकते, त्याचा चांदीचे क्षार विरघळविण्याचा गुण हर्शेल यांनीच १८१९ साली नोंदविला होता. या चित्रात काळोख्या पार्श्वभूमीतून पांढरे केस आणि वृद्ध, थकलेले, तरीही जागे असलेले डोळे आपल्यासमोर येतात. पदव्या नाहीत, दुर्बीण नाही. केवळ माणूस आहे. हे चित्र घेणारी व्यक्ती हर्शेल यांना सुमारे तीस वर्षे ओळखत होती, हे ध्यानात ठेवावे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. शिकाऊ असताना मी वडिलांचे छायाचित्र काढले. काचांवर प्रकाश चमकतो म्हणून त्यांना चष्मा काढावयास लावला, मान ताठ करविली आणि हलू नका म्हणून दोनदा बजावले. चित्र इतके रेखीव आले की पापणीचे केस मोजता यावेत. मी ते मोठ्या अभिमानाने आईपुढे धरले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “चेहरा त्यांचाच आहे रे, पण आपल्याकडे असे कधी पाहत नाहीत ते.” पुढच्या वर्षी वडील गेले. त्यांचे दुसरे चित्र माझ्यापाशी नाही.

म्हणून नवशिक्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. माणसाला खिडकीशी बसवा. एका बाजूने येणारा मऊ प्रकाश चेहऱ्याला घडण देतो. पाच-सहा फुटांवर राहा. फार जवळ गेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग या कामी सोयीचे. डोळे स्पष्ट असू द्या, बाकीचे थोडे विरले तरी चालेल. आणि यांपैकी काहीही करण्याआधी त्या माणसाशी बोला, त्याचे ऐका. त्याला स्वतःचा विसर पडेल, तो क्षण आपला.

धंदेवाईक छायाचित्रकाराला गिऱ्हाइकाची घाई असते. हौशी माणसाला ती नसते. थांबता येणे हीच त्याची श्रीमंती. आज कॅमेरा खिशातल्या मोबाइलमध्ये आला आहे आणि काच ओली ठेवण्याची यातायात संपली आहे. वाचलेला तो वेळ समोरच्या माणसाला द्यावा. घरी परतल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचे तरी चित्र काढा. चष्मा मात्र असू द्या.