खोतीगावच्या रानात जाताना



गोव्याचे नाव काढताच परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो. काणकोण तालुक्यात मात्र समुद्र आणि सह्याद्रीचा पायथा यांत फारसे अंतर नाही. सकाळी पाळोळेच्या रेतीवर फिरलेला प्रवासी दुपारच्या आत दाट रानात पोहोचू शकतो. चावडीहून कारवारकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने दहाएक किलोमीटर गेल्यावर डावीकडे एक रस्ता फुटतो आणि थोड्याच वेळात खोतीगाव अभयारण्याचे फाटक लागते. या रानाला भेट कशी द्यावी आणि भेट देणाऱ्याने तेथे कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश असताना, १९६८ साली, हे अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८६ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस १९९९ साली घोषित झालेले नेत्रावळी अभयारण्य त्याला लागून आहे, तर पूर्वेस कर्नाटकातील अरण्यांची रांग आहे. त्यामुळे गवा, सांबर यांसारख्या मोठ्या प्राण्यांना दूरवर फिरण्यास अखंड रान मिळते. येथे पानगळीचे, निमसदाहरित आणि सदाहरित असे वनाचे तिन्ही प्रकार एकाच फेरीत दृष्टीस पडतात. गोव्याचा राज्यवृक्ष ऐन आणि राज्यप्राणी गवा, दोघांचेही हे घर आहे.

तथापि प्राणिसंग्रहालय पाहावयास निघावे तशा मनाने येथे येणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच पडते. भर दुपारी मोटारीतून चार किलोमीटर जाऊन आलेला माणूस “येथे काहीच नाही” असे म्हणत परततो. रान पाहावयाचे तर पहाट किंवा मावळतीची वेळ साधावी लागते, कारण जनावरे त्या वेळी पाणवठ्यावर उतरतात. अभयारण्यात पाणवठ्याजवळ एका उंच झाडावर, जमिनीपासून सुमारे २५ मीटरवर, मचाण बांधलेले आहे. अशा ठिकाणी अर्धा तास निश्चल बसावे. गव्याचे नाक व कान तीक्ष्ण असतात; बोलण्याचा आवाज आणि अत्तराचा वास त्याला लांबूनच कळतो. प्रथम काही घडत नाही. मग वाळलेल्या पानांत हालचाल जाणवते, शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेते, डोक्यावरून धनेश पक्षी जातो आणि त्याच्या पंखांचा घुमणारा आवाज पक्षी दिसेनासा झाला तरी ऐकू येत राहतो. एखादा उडता सरडा या खोडावरून त्या खोडावर तरंगत जातो. स्वस्थ बसण्याची तयारी असणाऱ्यासच हे दर्शन घडते.

ही शांतता पाहून रान निर्मनुष्य आहे असा समज होणे स्वाभाविक आहे; पण तो खरा नव्हे. या अभयारण्याच्या आत वेळीप व कुणबी समाजांची वस्ती आहे. त्यांची भातशेती, कुळागरे, मिरचीचे वाफे आणि देवस्थाने १९६८ च्या पूर्वीपासून तेथे आहेत. कोणत्या झाडाची साल औषधी, कोणत्या ओहोळाला मे महिन्यातही पाणी असते, हे त्यांच्या वृद्धांना मुखोद्गत असते. गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने खोतीगावसह राज्यातील संरक्षित वनांना व्याघ्र राखीव क्षेत्र घोषित करण्याचा आदेश दिला आणि पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आपले घर, आपले कुळागर यांचे पुढे काय, असा प्रश्न या वाड्यांना तेव्हापासून अधिकच भेडसावू लागला.

पाहुण्याने येथे क्षणभर विचार करावा. ज्या वानराचे छायाचित्र तो कौतुकाने टिपतो, तेच वानर एखाद्या शेतकऱ्याचे कोवळे नारळ पाडून टाकते. ज्या रानडुकराची चाहूल लागताच मुले हरखून जातात, ते एका रात्रीत भाताचे शेत उकरून ठेवते. रानाचा आनंद शहरवासी घेतो आणि त्याची झळ वाडीवरचा माणूस सोसतो. म्हणून पाहुण्याच्या वागण्यात त्या माणसाविषयीचा आदर दिसावयास हवा. कोणाच्या अंगणात न विचारता शिरू नये. देवस्थानाच्या आवारात पायताण घालून जाऊ नये. वाटाड्या गावातलाच घ्यावा, जेवण तेथेच सांगावे, मिरची-नारळ विकत घ्यावयाचे ते त्याच वाडीवर घ्यावे.

दुसरी मर्यादा आगीची. फाल्गुन-चैत्रात पानगळ होऊन जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. विडीचे एक जळते थोटूक त्या थराला पुरते. मार्च २०२३ मध्ये सत्तरीतील म्हादई अभयारण्यात व अन्य ठिकाणी वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदल व वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. तिसरी मर्यादा पाण्याची. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोन जण बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास तात्पुरती बंदी घालावी लागली. पावसाळ्यातील ओहोळ घटकेत चढतो. तेथे मद्यपान आणि धाडस यांची जोडी प्राणघातक ठरते.

या रानाचे महत्त्व फाटकाच्या आतच संपत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. झाडांची मुळे आणि कुजलेला पाचोळा त्यातील बरेच पाणी जमिनीत मुरवितात आणि मग ते झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येते. तळपण नदीला वर्षभर मिळणारे पाणी हे या डोंगरांचे देणे आहे. २ ऑक्टोबर २००९ रोजी काही तासांच्या अतिवृष्टीने काणकोणातील डोंगरउतार खचले, तळपण व गालजीबाग नद्यांना महापूर आला आणि कित्येक कुटुंबे बेघर झाली. डोंगर आणि पायथ्याची घरे एकमेकांशी किती जखडलेली आहेत, हे त्या दिवशी साऱ्या तालुक्याने पाहिले. म्हणून सहलीचा क्रम असा ठेवावा: सकाळी रान, दुपारी नदीकाठचा पर्तगाळी मठ आणि संध्याकाळी गालजीबागचा किनारा, जेथे थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा पाण्याचा प्रवास एका दिवसात ध्यानी येतो.

शिक्षकांनी मुलांच्या झुंडी नेण्याऐवजी लहान गट न्यावेत. प्रत्येक मुलाने एकच झाड निवडावे, त्याचे कोंकणी नाव वाडीवरच्या वृद्धाला विचारावे आणि वहीत लिहून आणावे. त्या निमित्ताने त्या वृद्धाच्या ज्ञानाचाही सन्मान होतो. अधिकाऱ्यांनी दौऱ्यावर जाताना गाड्यांचा ताफा व भोंगे फाटकाबाहेर ठेवावेत आणि पीकनुकसानीचे अर्ज वेळेवर निकालात काढावेत. भरपाई हंगाम उलटल्यावर हाती पडली, तर वनरक्षणाचे भाषण शेतकऱ्याने कोणत्या मनाने ऐकावे? ग्रामस्थांनीही येणाऱ्याला दोन गोष्टी सांगण्यास संकोच करू नये. घराचे नियम पाहुण्याला सांगणे हा घरधन्याचा अधिकारच आहे.

पावसाळा सरल्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ या भेटीस उत्तम होय. त्या दिवसांत वाटा कोरड्या असतात, ओहोळ वाहते असतात आणि हवा सुखद असते. जाणाऱ्याने पाण्याची बाटली न्यावी, रिकामी झाली की परत आणावी आणि आवाज मात्र घरीच ठेवून जावा, एवढीच विनंती करून हे भाषण पुरे करणे योग्य होईल.