वाऱ्यापासून भोपळ्याचा वेल कसा राखावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या वर्षी बाहेरचा पाहुणा न बोलावता आपल्यातल्याच चौघींनी बोलावे असे ठरले आणि भोपळ्याचा विषय माझ्या वाट्याला आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण लग्न होऊन बोर्लीत आल्यापासून एकही वर्ष दारी भोपळ्याचा वेल नाही असे गेलेले नाही, तेवढ्या आधारावर बोलते.

भोपळ्यासाठी भाषण कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी ३ जून २०२० चा दिवस आठवावा. निसर्ग वादळ त्या दुपारी आपल्याच किनाऱ्यावर चढले. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि मधले झोत १२० चे, असे हवामान खात्याने सांगितले. आपल्या वाड्यांतल्या पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. पोफळ नव्याने लावली तर धरायला पाच-सहा वर्षे, माडाला त्याहून अधिक. तोवर घरात काय यायचे? तेव्हा ज्या बायकांनी मोकळ्या पडलेल्या वाडीत भोपळा, काकडी, दुधी लावला त्यांना साडेतीन-चार महिन्यांत हाती काही लागले. वर सावली उरली नव्हती, त्यामुळे वेलांना ऊनही भरपूर मिळाले. पण भोपळ्याच्या वेलाचा पंचनामा कोणी करीत नाही. तो गेला म्हणजे गेलाच. म्हणून तो राखायचा कसा हे आपणच शिकले पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की पूर्वी वारा अडवायचे काम आपली वाडीच करीत असे. माड, पोफळी, आंबा, फणस यांतून वारा गाळून येई. ती गाळणी फाटल्यावर साधा पावसाळी वाराही सरळ परसात शिरू लागला. वादळ काही रोज येत नाही, पण ती पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात हे ध्यानात असावे. फयान आले ते २००९ च्या नोव्हेंबरात, तौक्ते आपल्यासमोरून समुद्रातून वर गेले ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणजे उन्हाळी वेलावर फळ तयार असते तेव्हा, नाहीतर पावसाळी वेलाचे शेवटचे भोपळे उतरायचे असतात तेव्हा.

आता वेल मोडतो कसा ते पाहू. पान केवढे थोरले, आणि देठ आतून पोकळ. वारा पानाखाली शिरला की वेल उचलला जातो, उलटा पडतो, आणि मुळाजवळ मानेला पीळ बसून तिथेच चिरतो. तेव्हा सारी युक्ती एकच, वाऱ्याला खाली शिरू द्यायचे नाही.

रोप चार-पाच पानांचे होऊन जमिनीवर लोळेपर्यंत फार नाजूक असते. त्याच्या नैऋत्य बाजूला दोन जुनी कौले उभी रोवावीत आणि मानेला माती चढवावी. माती शेणखत मिसळलेली, पण भुसभुशीत. आपल्याकडचा पाऊस असा की खोल आळे केले तर पाणी साचून मूळ कुजते. आळ्याऐवजी उंचवटाच बरा.

वेल धावू लागला की त्याचे तोंड पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे वळवावे. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा. वेल वाऱ्याच्या पाठीशी पळत असला तर पाने आपोआप दबून राहतात. समुद्राकडे तोंड करून धावणारा वेल मात्र पहिल्याच झोडीत उलटतो.

मग प्रत्येक दोन-तीन पेरांनी वेल मातीत टाचावा. दोन काटक्या वेलावर फुलीसारख्या तिरप्या रोवाव्या आणि त्या पेरावर ओंजळभर माती घालावी. आठ-दहा दिवसांत तिथे मुळ्या फुटतात. याचा दुहेरी फायदा. वेल जमिनीला शिवल्यासारखा बसतो, आणि पुढे मूळची मान चिरली तरी या मुळ्यांवर फळ पोसते. परदेशात भोपळ्यांच्या वजनाच्या स्पर्धा होतात. अमेरिकेत २०२३ साली १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. त्यात बसून गोष्टीतली म्हातारी तिच्या नातवंडांसह परत आली असती. ती जात निराळी, खत-पाणी निराळे, पण तिथले लोकही वेलाची पेरे अशीच मातीत पुरतात आणि फुलीच्या काटक्या ठोकतात. काटक्या कारवीच्या घ्याव्या. निरगुडीच्या नकोत, ती पावसात पालवते आणि भोपळ्याच्या जागी निरगुडीचे बन होते.

वाऱ्याला आडोसा हवाच, पण तो सबंध बंद नसावा. बंद पत्र्यावरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन वेलावर आपटतो. शिवाय पत्रा उडाला तर माणसाचा जीव घेईल, निसर्गात पत्रे कसे उडत होते ते आपण पाहिलेच आहे. आपली झावळ्यांची झापे चांगली. ती विरळ बांधावीत, निम्मी जागा बंद आणि निम्मी मोकळी. असा आडोसा आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो, म्हणजे पुरुषभर उंचीचे झाप एका परसाला पुष्कळ झाले. गडग्याच्या आत करवंद, मेंदी किंवा निरगुडीची वई असेल तर उत्तमच. तिथे निरगुडी पालवली तर हवीच आहे.

मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर वेल चढवायची आपली जुनी चाल आहे, आणि जागा थोडी असली तर इलाज नसतो. पण मांडवावरचे फळ वाऱ्यात झोके घेते आणि देठाशी तुटते. त्याला काथ्याचे शिंके करून बांधावे. माझे मत विचाराल तर उघड्या बाजूच्या घरांनी भोपळा जमिनीवरच ठेवावा आणि मांडवावर दोडका, घोसाळे सोडावे.

आता वादळाची वर्दी आली म्हणजे काय करावे. हल्ली दोन-तीन दिवस आधी मोबाइलवर नारंगी, तांबडा इशारा येतो, तो खरा मानावा. ज्या भोपळ्याचा देठ सुकून खरखरीत झाला आहे आणि सालीत नख रुतत नाही तो चार बोटे देठ राखून उतरवावा. असा भोपळा घरात कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो. कोवळी फळे वेलावरच असू द्यावी आणि खाली पेंढा सरकवावा. मग वेलावर मासेमारीचे जुने जाळे अंथरून कडांवर जांभ्याचे चिरे ठेवावे. भरडखोलच्या आपल्या कोळी भगिनींकडे फाटकी जाळी पडून असतात. प्लास्टिक कधीही घालू नये, ते शिडासारखे फुगते आणि वेल मुळासकट उपटून नेते. दुसऱ्या दिवशी जाळे काढलेच पाहिजे, नाहीतर वेलाचे तणावे त्याला असे धरतात की सुटता सुटत नाहीत.

वादळाचा वारा एका दिशेचा नसतो. आधी पूर्वेकडून येतो, मग फिरतो. वादळाचा मध्य डोक्यावरून गेला तर मध्ये अगदी शांत होते आणि नंतर उलट्या दिशेने झोड उठते. म्हणून फुलीच्या काटक्या दोन्ही बाजूंनी हव्यात. आणि त्या शांततेत वेल पाहायला कोणीही बाहेर पडू नये. भोपळा पुन्हा लावता येतो.

नंतरचे काम धीराचे. किनाऱ्याकडच्या वाऱ्यात खारे पाणी असते, पाने भाजल्यासारखी होतात. पाऊस थांबला असेल तर विहिरीचे गोडे पाणी वेलावर शिंपून ती धुवावी. फाटलेली पाने लगेच खुडू नयेत, अर्धे पानही वेलाला पोसते. चिरलेली मान ओल्या मातीने झाकावी. वादळानंतर मधमाश्या दिसेनाशा होतात, तेव्हा सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच फिरवावे. मादी फुलाखाली बारीक भोपळी असते, तिच्यावरून ते ओळखता येते. उरलेल्या नर फुलांची भजी होतात.

अख्खा भोपळा बाईने फोडू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, असे आपल्यात म्हणतात. घरचे पुरुष मुंबईला, वारा अडवायचा आपण, टाचायचे आपण, मग फोडायलाही त्यांच्या सुट्टीची वाट पाहायची का, हा प्रश्न मी आपल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवते. माझ्या सासूबाईंनी विळीवर पहिला घाव स्वतः घालून या प्रश्नाचा निकाल कधीच लावला होता, आणि त्या भोपळ्याचे घारगे सर्वांनी आनंदाने खाल्ले.

मंडळाच्या कपाटात घरच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत आठ बिया. मृग लागण्यापूर्वी घेऊन जाव्या. ज्यांना जाळे हवे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, म्हणजे सर्वांचे एकदम आणता येईल.