नाक्यावरचा एशू, गादीवरचा नारद

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावर रस्ते फुटतात. जुना आग्रा रोड कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीला जातो, मागे कापूरबावडीकडे वळलं की ठाणे शहर, आणि बाजूने ढोकाळी-कोलशेतची वाट. पश्चिम आफ्रिकेतला योरुबा माणूस इथे उभा राहिला, तर त्याला पहिली आठवण एका देवाची होईल. त्या देवाचं नाव एशू. नायजेरियाच्या नैर्ऋत्येला आणि शेजारच्या बेनिनमध्ये योरुबा लोकांची वस्ती आहे. त्यांचे देव म्हणजे ओरिशा, आणि या ओरिशांमधला निरोप्या तो एशू. त्याचं ठाणं चव्हाट्यावर, बाजारात, उंबऱ्याशी. मूर्ती नसली तरी चालतं. जांभ्या दगडाचा एक खडबडीत धोंडा पुरतो, आणि त्यावर लालभडक पाम तेलाची धार. आपल्या वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडासारखंच ते रूप.

माणसाचा नैवेद्य देवांपर्यंत पोचवायचा एशूनेच. म्हणून कुठल्याही देवाची पूजा असो, पहिला वाटा त्याचा. इफा नावाची त्यांची कौल लावण्याची मोठी विद्या आहे. तिच्यात सोळा पाम-बिया असतात, लाकडी तबकात पसरलेल्या भुकटीवर खुणा काढतात, आणि कौलाचे 256 अध्याय पाठ असावे लागतात. 2008 साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली. त्या तबकाच्या कडेवर एक चेहरा कोरलेला असतो, तो एशूचा. प्रश्न कोणत्याही देवाला विचारलेला असो, समोर एशू बघत असतो.

हाच एशू भांडणं लावतो. दोन जिवलग मित्र होते, शेजारी-शेजारी शेतं. मैत्री कधी मोडायची नाही अशी शपथ त्यांनी घेतली, पण एशूचा मान ठेवला नाही. एक दिवस दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावरून एशू चालत गेला. डोक्यावर टोपी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळी. संध्याकाळी एक म्हणाला, लाल टोपीवाला कोण गेला रे? दुसरा म्हणाला, लाल कुठली, काळी होती. शब्दाला शब्द वाढला आणि दोघे हातघाईवर आले. सांगणाऱ्यागणिक टोपीचे रंग बदलतात, बांध मात्र बदलत नाही. एशू खोटं काहीच बोललेला नाही. आपल्याला दिसलं तेवढंच खरं, हा हट्ट त्या दोघांत आधीपासून होता. त्याने फक्त तो बाहेर काढला.

ही गोष्ट वाचल्यावर मला पारिजातक आठवला. नारद स्वर्गातलं एक फूल आणतो, कृष्णाला देतो. कृष्ण ते रुक्मिणीला देतो, आणि नारद ही खबर सत्यभामेच्या कानावर घालतो. पुढे झाड येतं सत्यभामेच्या अंगणात, फुलं पडतात रुक्मिणीच्या. कृष्ण कोणाचा, हा वाद नारदाने निर्माण केलेला नव्हता. तो त्या घरात मुरलेला होता.

एशूला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी सैतान ठरवलं, आणि तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. तरीही गुलामांच्या जहाजांतून हा देव समुद्रापार गेला. क्युबात तो एलेग्वा झाला आणि घराच्या दाराआड बसला. ब्राझीलमध्ये एशू हेच नाव टिकलं. बेड्यांतल्या माणसांनी वाट उघडणारा देव सोबत ठेवला, याचा मला फार आदर वाटतो.

आपण नारदाला सैतान केलं नाही, पण 'कळीचा नारद' करून ठेवलं. चाळीत, सोसायटीत कोणी इकडचं तिकडे केलं की त्याला हेच नाव. यात नारदावर मोठा अन्याय होतो असं मला वाटतं, आणि तो अन्याय या नाक्याभोवतीच्या आगरी-कोळी गावांत विशेष जाणवतो. कारण वाल्या कोळ्याची गोष्ट इथल्या लोकांना आपल्या घरची वाटते. रानातली वाट, वाटमारी करणारा वाल्या, दर खुनाला रांजणात एक खडा. नारद त्याला उपदेश करत नाही, एक प्रश्न विचारतो: ज्यांच्यासाठी हे करतोस, ते या पापात वाटेकरी होतील का? घरी जाऊन विचारून ये. वाल्या जातो, विचारतो. बायको नाही म्हणते, मुलं नाही म्हणतात. भरल्या घरात नारदाने लावलेली ही कळच की! त्या एका प्रश्नाने संसार मोडला आणि वाल्मीकी घडला. भागवतातही तेच. एवढं महाभारत रचून व्यास उदास बसलेले असतात, तेव्हा सरस्वतीकाठी येऊन तुझ्या लिहिण्यात काय राहून गेलं हे त्यांना तोंडावर सांगतो तो नारदच. आपल्या दोन्ही महाकवींच्या मागे हा चैन पडू न देणारा निरोप्या उभा आहे.

पहिल्या नैवेद्याचा मान आपण नारदाला दिला नाही, तो गणपतीचा. नारदाला दिली ती गादी. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती नारदाची गादी, आणि तिच्यावर विशी-पंचविशीतला मुलगा उभा असला तरी सत्तरीतले आजोबा वाकून त्याच्या पायाला हात लावतात. योरुबा लोकही एशूला एकाच वेळी बालक आणि म्हातारा मानतात. कोरीव मूर्तीत त्याच्या डोक्यावरून मागे गेलेली लांब शेंडी असते, अंगावर कवड्यांच्या माळा. नारदाची शेंडी डोळ्यांपुढे आणून बघा.

कीर्तनात दृष्टान्त कुठून आणावा याला बंधन नसतं. बाळकुम, काल्हेर, कोलशेत या पट्ट्यात यंदा सप्ताह बसेल, तेव्हा एखाद्या बुवांनी कीर्तनात वाल्या कोळी लावावा आणि त्याच्या जोडीला ती दोन रंगांची टोपी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. बांधावरून होणारी भांडणं ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेत. ही गोष्ट त्यांना परकी वाटणार नाही.