शब्द, स्मृती आणि स्वभाव



शब्दांच्या यादीतले 'टेबल' विसरते, 'मरण' सहसा लक्षात राहते. मेंदूतील बदामाच्या आकाराचे अमिग्डाला हे केंद्र भावनेने जागे होते व शेजारच्या स्मृतिकेंद्रातील ठसा दृढ करते. परंतु सर्वांचे मेंदू सारखे जागत नाहीत. २००१ साली टुरहान कॅनली व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की बहिर्मुख स्त्रियांचे मेंदू सुखद चित्रांना, तर चिंताशील स्त्रियांचे दुःखद चित्रांना अधिक प्रतिसाद देतात. अभिनवगुप्तांनीही रसास्वादाचे मूळ रसिकाच्या वासनासंस्कारांत पाहिले होते.

एकाच कवितेतील कोणा विद्यार्थ्याला उत्सव आठवे, कोणाला केवळ वियोग; दुसऱ्याला मी निष्काळजी ठरवीत असे. तो अन्याय होता. तो आपल्या स्वभावानिशी वाचीत होता. अशा प्रत्येक स्वभावाला आपले पुस्तक सापडावे, याचसाठी ग्रंथालय असते.